फळ्याला हात कोणी लावावा?

बाबासाहेबांच्या बालपणातील एक प्रसंग आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रातही तो आला आहे. गुरुजींनी शाळकरी भीमरावास गणित सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले, तोच वर्गात गलका उडाला. स्पृश्य मुलांचे फराळाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याच्या आत मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूस फेकले, आणि मग त्याने गणित सोडविले. हा प्रसंग आपण सांगतो तो विटाळाची चीड यावी म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु मी वकील आहे. साक्षीतील जी गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटते तिच्यावर बोट ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. त्या मुलास तोवर वर्गात बसण्याची मुभा होती, ऐकण्याची होती, पाठ करण्याचीही होती. तो मुकाट्याने ऐकत होता तेव्हा गलका उडाला नाही. खडू हाती घेऊन सर्वांसमक्ष स्वतःच्या बुद्धीने काही मांडावयास तो उठला, त्या क्षणी गलका उडाला.

फळा हे त्या काळच्या वर्गातील यंत्र होते. आज त्याच्या जागी संगणक आला, प्रोजेक्टर आला, स्पर्शाने चालणारा काचेचा पडदा आला. यंत्र बदलले. त्याला हात कोणी लावावा, हा प्रश्न बदलला आहे काय, एवढेच मला आपणांस विचारावयाचे आहे.

गेल्या दसऱ्यानंतर नांदेड जिल्ह्यातील एका गावचे एक गृहस्थ जातपडताळणीच्या कामासाठी माझ्याकडे आले होते. कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली, मुलगा सातवीत. कागद चाळता चाळता मी सहज विचारले की, गावच्या शाळेत संगणक आहेत काय? ते हसले व म्हणाले, "आहेत की साहेब. आमचा पोरगा रोज जातो त्या खोलीत. झाडू मारायला." ते वाक्य त्यांनी तक्रार म्हणून उच्चारले नव्हते. म्हणूनच ते माझ्या अधिक जिव्हारी लागले.

पुढे त्या भागात कामानिमित्त गेलो असता मी ती शाळा पाहिली. मुख्याध्यापकांनी चहा पाजला, सौजन्याने वागविले. खोलीस कुलूप होते. ते उघडण्यात आले. आत आठ संगणक प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओळीने निजलेले. प्रत्येकाच्या कपाळी खंडेनवमीचे हळदकुंकू अद्याप शाबूत होते, आणि प्रोजेक्टरवर वाळलेला झेंडू. वर्षातून एक दिवस या यंत्रांची पूजा होते व उरलेल्या दिवशी त्यांचा सोवळ्याने सांभाळ होतो. भिंतीवर दहा मुलांची यादी लावलेली होती. ती 'हुशार' मुले होत; त्यांस गुरुवारी एक तास ही यंत्रे पाहावयास मिळतात. यादीत बौद्धवाड्यातील एकही नाव नव्हते. "यंत्र नाजूक असते साहेब, पोरे बिघडवितात, आणि भरपाई माझ्या पगारातून होते," असे मुख्याध्यापक म्हणाले. बिघडविल्यावाचून दुरुस्त करावयास कोण शिकला आहे, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. डेडस्टॉक रजिस्टर पुढे केले. त्या रजिस्टरात आठही संगणक बिनचूक नोंदविलेले होते. शाळेच्या जिवंत वस्तूंची नोंद ज्या वहीत होते तिला मृत साठ्याची वही म्हणतात, याचे मला हसू आले, आणि मग आले नाही.

मुख्याध्यापकांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या शाळेचे वीजबिल थकते, जोडणी तुटते, दुरुस्तीस पैसा येत नाही, आणि वस्तू गहाळ झाली की लेखापरीक्षक त्यांच्याच मानगुटीस बसतो. भयाने राबविलेली व्यवस्था कुलूपच घालते. परंतु त्या कुलपाची किंमत गावातील सर्व मुले सारखी मोजत नाहीत, हे त्यांना सांगण्याची गरज होती व ते मी सांगितले. सावकाराच्या, पाटलाच्या, शिक्षकाच्या मुलाच्या घरी संगणक आहे. त्याला शाळेची खोली बंद असल्याने काही उणे पडत नाही. ज्या मुलाला ते यंत्र जगात अन्यत्र कोठेही भेटणार नाही, त्याच्याच हाती केरसुणी दिली गेली.

आपण विचाराल, मग हा अस्पृश्यतेचा गुन्हा नव्हे काय? येथे कायद्याची थोडी कटकट सोसावी लागेल. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ५ शाळेत प्रवेश नाकारण्यास तर गुन्हा ठरवितेच, शिवाय प्रवेश दिल्यानंतर अस्पृश्यतेच्या कारणावरून भेदभाव करणे हाही गुन्हा ठरविते. हे फार दूरदृष्टीचे कलम आहे. पण त्यास 'अस्पृश्यतेच्या कारणावरून' हे शब्द जोडलेले आहेत, आणि आजचा भेदभाव जातीचे नाव घेत नाही. तो म्हणतो, 'हुशार मुले'. तो म्हणतो, 'ज्यांना आधीपासून येते ती मुले'. यादी गुणांवर केली आहे असे सांगितले की फौजदारी कायद्याची पकड सुटते. मी अशा प्रकरणांत पक्षकारास उगीच आशा दाखवीत नाही. दुसरा रस्ता आहे, तो कमी गाजावाजाचा आहे, आणि आपल्या समाजाने तो जवळजवळ वापरलेलाच नाही.

घटनेत २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-क आले, आणि त्याखालील बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यातील पंचवीस टक्के जागांचे कलम सर्वांना पाठ आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून त्यास पळवाट काढली व मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली, तेव्हा वृत्तपत्रांनी रकाने भरले. परंतु त्याच कायद्याचे कलम २९ कोणी उघडून पाहिले आहे काय? अभ्यासक्रम कसा असावा हे त्यात सांगितले आहे. तो घटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा. बालकाचे ज्ञान, सुप्त सामर्थ्य व अंगचे गुण यांची वाढ करणारा असावा. कृती, शोध आणि धुंडाळणे यांच्या द्वारे बालकेंद्री रीतीने शिकविणारा असावा. शक्य तोवर मातृभाषेतून असावा. बालकास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करणारा असावा. बंधुभगिनींनो, हा कोणा शिक्षणतज्ज्ञाचा सदुपदेश नाही. हा संसदेने केलेला कायदा आहे. मुलाची निर्मितिक्षमता वाढविणे ही शाळेची मेहेरबानी नसून तिचे कर्तव्य आहे, आणि कलम ८ व ९ प्रमाणे वंचित गटातील बालकास प्राथमिक शिक्षण पुरे करण्यात भेदभाव होऊ न देणे हे शासनाचे व जिल्हा परिषदेचे कर्तव्य आहे. गुरुवारची यादी ही जातीच्या नावाने केली की गुणांच्या, हे सिद्ध करण्याची येथे गरजच नाही. कृती व शोध सर्व बालकांसाठी आहेत; दहांसाठी नव्हेत. सबब यादीच बेकायदा आहे.

आता लातूरकडे वळू, कारण नांदेडच्या कुलपाची दुसरी किल्ली तेथे आहे.

'लातूर पॅटर्न' हे शब्द महाराष्ट्रभर आदराने उच्चारले जातात. राजर्षी शाहू महाविद्यालयातून तो नावारूपास आला व दयानंदसारख्या संस्थांनी तो वाढविला. सुटीतील जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, प्रश्नसंच, चुकांची छाननी, ही त्याची रीत. मी तिची टवाळी करणार नाही. ज्या मराठवाड्यास निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत मायबोलीतून उच्च शिक्षणाची वाट नव्हती, त्या मराठवाड्यातील खेड्यापाड्यांची मुले या रीतीने मुंबई-पुण्याच्या मुलांच्या पुढे गेली, डॉक्टर-इंजिनियर झाली. त्यांत आपलीही मुले आहेत. हे मोठे काम होते. परंतु महाविद्यालयातील शिक्षकांची मेहनत म्हणून जे सुरू झाले ते पुढे बाजारात गेले. लातुरात आज एका भागास लोक 'ट्यूशन एरिया' म्हणतात. वसतिगृहे, खानावळी, झेरॉक्सची दुकाने, फलकांवरून हसणारे गुणवंत, सर्व काही एका परीक्षेभोवती फिरते. नांदेडही त्याच वाटेने गेले आहे.

ती परीक्षा काय मागते? २०२५ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. एका प्रश्नाला एक मिनिट. चार उत्तरांपैकी एकाचे वर्तुळ काळे करावयाचे. एका मिनिटात मूल विचार करीत नाही, ते ओळखते. पूर्वी पाहिलेले पुन्हा ओळखण्याची ही शर्यत आहे, आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षे मुलास या शर्यतीसाठी धावडविले जाते. माझी भाची अशाच एका शिकवणी वर्गात होती. भौतिकशास्त्राचे एक उदाहरण तिने स्वतःच्या रीतीने सोडविले, उत्तर बरोबर आले, आणि ही रीत का चालते असे तिने विचारले. "बाळ, 'का' विचारायला वेळ नाही, सूत्र लक्षात ठेव," असे तिला सांगण्यात आले. शिकविणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे दोनशे मुले होती आणि घड्याळ होते.

जेथे ओळखणे हेच शिक्षण झाले तेथे पुढची पायरी आपोआप येते: प्रश्नच आधी पाहावयास मिळाला तर? जून २०२४ मध्ये नीटच्या गैरव्यवहाराच्या तपासात लातुरात राहणाऱ्या दोन शिक्षकांना अटक झाली व तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला नवल वाटले ते आपल्या बैठकींतील चर्चेचे. 'परीक्षा पुन्हा होणार की नाही' एवढेच सर्व विचारीत होते. आठवी इयत्तेपर्यंतच्या शाळांसाठी असलेल्या याच शिक्षणहक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकास खासगी शिकवणीस मनाई करते, हे कोणाच्या तोंडून निघाले नाही.

येथे आपल्यातील जाणते लोक मला अडवितील. मी त्यांचा आक्षेप पुरता मांडतो, कारण तो क्षुल्लक नाही. ते म्हणतात: "वकीलसाहेब, कल्पकता, प्रयोग, निर्मिती हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आमच्या मुलास आधी गुण हवेत, आधी प्रवेश हवा. तुम्ही स्वतः घोकंपट्टी करूनच कायद्याची पदवी मिळविलीत. आता आमच्या मुलांना चित्रे काढावयास व मातीची यंत्रे करावयास सांगता?" होय, मीही कलमे घोकली आहेत. गुण नकोत असे मी म्हणत नाही. राखीव जागेवरही गुण लागतात, आणि ज्याला गुण मिळविता येतील त्याने ते जरूर मिळवावेत.

परंतु हिशेब करा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी ती परीक्षा दिली. वैद्यकीय पदवीच्या जागा देशभरात एक लाखाच्या किंचित वर होत्या. म्हणजे शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुले रिकाम्या हाताने परत आली. ज्याच्या बापाची पेढी आहे, ज्याची बागायती शेती आहे, तो परत आला तर त्यास उभे राहावयास जागा आहे. ज्या बापाने म्हशी विकून, वेळी मायक्रोफायनान्सचे कर्ज काढून शिकवणीची फी भरली, त्याचा मुलगा काय घेऊन परत आला? चार पर्यायांतील एक निवडणे. एखादी वस्तू बनविणे, बिघडलेली दुरुस्त करणे, चार माणसांपुढे आपले म्हणणे मांडणे, एक धड अर्ज लिहिणे, यांपैकी काहीही त्याला कोणी शिकविले नाही. मग चोचला कोणता? श्रीमंताच्या मुलास कल्पकता नसली तरी चालते; वडिलांची इस्टेट त्याच्या वतीने विचार करते. आपल्या मुलाजवळ डोके व हात यांवाचून भांडवल नाही. त्या भांडवलाची वाढ हीच चैन ठरवावयाची असेल तर गरज कशाला म्हणावे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात नेमका हाच आग्रह होता. वाचन, लेखन, हिशेब यांसोबत शेतीचे व आरोग्याचे धडे असावेत, आणि नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्याची ज्याला लाज वाटत नाही असा शिक्षक असावा, असे त्यांनी मागितले. डोके आणि हात यांची फारकत ही या देशातील जातिव्यवस्थेची जननी नसली तरी दाई खास आहे. ज्याने विचार करावा त्याने हात लावू नये, आणि ज्याने हात लावावा त्याने विचार करू नये! पोथी पाठ करणारा वर बसला आणि चामडे कमावणारा, वीट भाजणारा, बांबू विणणारा, ज्याच्या बोटांत रसायन, भूमिती व यंत्रशास्त्र होते, तो वेशीबाहेर गेला. आता त्याच वेशीबाहेरच्या माणसाने आपल्या मुलास पुन्हा केवळ पोथी पाठ करावयास बसवावे, आणि त्यास प्रगती म्हणावे, हा केवढा उलटा न्याय!

आणि आपण तर बौद्ध झालो आहोत. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागितली तेव्हा ती नाकारून त्यांनी लोकांना आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली, असे विनयपिटकात आहे. आता कोणी म्हणेल, संघानेही त्रिपिटक शतकानुशतके मुखोद्गतच राखले. खरे आहे. पण ज्या दिवशी लिहून ठेवणे इष्ट ठरले त्या दिवशी सिंहलद्वीपातील भिक्खूंनी ते लिहून काढले, कोणाच्या कानात शिसे ओतण्याची भाषा केली नाही. जगातील सर्वांत जुने, ज्यावर तारीख आहे असे छापील पुस्तक कोणते, हे आपल्या मुलांना विचारून पाहा. ते ख्रिस्ताब्द ८६८ मधील वज्रच्छेदिका सूत्र होय. चीनमधील दुनहुआंगच्या गुहांत ते सापडले. मुद्रणाचे यंत्र नवे होते तेव्हा बौद्धांनी त्याची पूजा बांधली नाही, त्याच्यावर काम केले. बाबासाहेबांनीही १९२० साली 'मूकनायक' काढला, पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' काढले. ज्या समाजास अक्षर शिवू दिले गेले नव्हते त्याच्या हाती त्यांनी छापखाना दिला.

मराठवाड्यात तर याचा दाखला अगदी जवळ आहे. १९५० साली औरंगाबादेस त्यांनी जे महाविद्यालय सुरू केले त्याचे नाव मिलिंद. नागसेनास उलटे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव. संस्थेस नाव देताना उत्तर देणाऱ्या भिक्खूऐवजी प्रश्न विचारणारा त्यांनी निवडला, याचा अर्थ ट्यूशन एरियात शोधून पाहावा. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते उभे केले. त्याच आवारात विद्यार्थी लिहू लागले, आणि १९६० नंतरच्या दशकात तेथून जे दलित साहित्य पुढे आले त्याने मराठी वाङ्मयाचे तोंड फिरविले. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. होते ते एक हस्तलिखित, एक रंगमंच, आणि 'तू लिही' म्हणणारा गुरू.

याच मराठवाड्याच्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ साली नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे मारले गेले, १९९३ साली नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला व नांदेडास स्वतंत्र विद्यापीठही त्याच वर्षी आले. पाटीवरच्या नावासाठी ज्या जिल्ह्याने प्राण दिले, त्या जिल्ह्यातील वर्गखोलीच्या आत काय चालते हे पाहण्यास आपण एक सकाळही काढत नाही.

यंत्र आले की विद्या आली, ही भाबडी समजूतही येथेच मोडली पाहिजे, नाही तर आपण कुलूप तोडून निराश होऊ. पेरू देशाने गरीब मुलांस लक्षावधी छोटे संगणक वाटले. २०१२ साली अभ्यासकांनी तपासले तेव्हा गणित व भाषा यांत मुले पुढे गेल्याचे आढळले नाही. वाटप झाले होते, शिकविणे झाले नव्हते. याउलट मध्यप्रदेशात होशंगाबादच्या १६ ग्रामीण शाळांत १९७२ साली विज्ञान शिकविण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात काडेपेट्या, भिंगे, पाने, किडे हीच सामग्री होती. मुले प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः वहीत लिहीत. तो शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ साली शासनाने तो गुंडाळला. मुले प्रश्न विचारू लागली की कोणत्या ना कोणत्या कचेरीस ते खुपतेच, असा माझा आपला अनुभव.

केरळ राज्याने शाळांतून मुक्त संगणकप्रणाली वापरली, म्हणजे जिला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत व जी आतून उघडून पाहता येते अशी. तेथे २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी-मंडळे माध्यमिक शाळांत आहेत. मुले मल्याळम भाषेत चलत्चित्रे करतात, छोटी यंत्रे जोडतात. आणि आपल्याच महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून चित्र, ध्वनी, पाठ मुलांपर्यंत पोहोचविले. त्यांस २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. त्या दानाचे कौतुक पुष्कळ झाले. मला कौतुक वाटते ते याचे की, वस्तीवरच्या शाळेतील शिक्षकाने यंत्र वरून येण्याची वाट पाहिली नाही. मात्र कोड छापला म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. तो उघडावयास फोन लागतो, आणि फोन बापाबरोबर ऊसतोडीस किंवा बांधकामावर गेलेला असतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खालच्या वर्गांची दारे दीड वर्षाहून अधिक काळ उघडली नाहीत, तेव्हा हे आपण भोगले. घरात एक फोन, तीन भावंडे. त्यात वर्ग कोणाचा बुडाला? थोरल्या बहिणीचा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ सालीच इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये गरीब विद्यार्थ्यांस साधने पुरविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास पुढे स्थगिती दिली, तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये शासनांना या विषमतेवर खरी योजना आणावयास बजावले. वकिलांनी हे निर्णय वापरावयाचे आहेत. आपण निदान ते ठाऊक करून घ्यावेत.

आता तर विचारले की निबंध लिहून देणारे यंत्र आले आहे. त्याच्याशी मूल वाद घालू लागले, त्याच्या उत्तरातील चूक शोधू लागले, तर ते मिलिंद राजा होईल. उतरून घेऊ लागले तर तीच पोथी, तेच पाठांतर, फक्त भटजी विजेवर चालणारा.

राग येईल, तरी एक गोष्ट आपल्या घराबद्दल बोलतो. नवदीक्षित कुटुंबांत मुलाने प्रश्न विचारलेला किती जणांना चालतो? विहारात मुलांना गाथा पाठ करावयास लावतो व बिनचूक म्हणणाऱ्यास वही बक्षीस देतो. गाथेचा अर्थ काय, आणि तो मला पटत नाही, असे म्हणणाऱ्या पोरीस आपण काय बक्षीस देतो? ज्या विहारात वीज आहे, खोली आहे, तेथे रविवारी एक जुना संगणक, एक पेचकस व गावातला एक रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर बसविण्यास किती खर्च येतो? लाखो रुपयांच्या कमानी आपण उभारल्या आहेत.

शाळेचा रस्ता मात्र कागदाचा आहे, आणि तो सांगून मी थांबतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित गटातील पालकांस त्यांच्या मुलांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. आपल्या वाड्यातील सही करणाऱ्या बाईचे नाव या समितीत अनेकदा असते. तिला ते ठाऊक नसते. आधी ते विचारा. मग सभेत मागणी करा की, संगणक खोलीच्या वापराची नोंदवही ठेवावी, प्रत्येक वर्गाचा तास वेळापत्रकात लिहावा, 'हुशार' ही यादी फाडावी, खोली सर्व मुलांनी पाळीने झाडावी. ठराव इतिवृत्तात उतरल्याखेरीज उठू नका. नाकारले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या तिकिटाचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेवढेही लागत नाहीत. नुसती माहिती मागू नका, कलम २(ञ) प्रमाणे अभिलेखांची पाहणी मागा, म्हणजे ते डेडस्टॉक रजिस्टर आपण स्वतःच्या हाताने उघडाल. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे.

त्या गृहस्थांनी असा अर्ज दिला आहे. अर्ज मी सांगितला नाही. त्यांच्या सातवीतल्या मुलाने लिहिला, मी दोन ठिकाणी शुद्धलेखन पाहिले. आठ संगणक गेल्या वर्षभरात किती तास चालले, कोणत्या मुलांनी चालविले, आणि खोली झाडणाऱ्यांची पाळी कोण ठरवितो, असे तीन प्रश्न त्यात आहेत. तिसरा प्रश्न मी सुचविलेला नव्हता. आज बावीस दिवस झाले. मुदत टळली तर पहिले अपील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावयाचे की जिल्हा परिषदेकडे, हे तो मुलगा मला फोनवर विचारीत होता. अपिलीय अधिकारी कोण आहे, ते आधी शोधून काढ, असे मी त्यास सांगितले.